न पिणाऱ्याचं लिव्हर

ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. गेले ते मात्र दारुड्यांच्या आजाराने, आणि गेले तेव्हा आमच्या ओळखीतलं निम्मं तंजावर त्यांना दारुडा समजत होतं. त्या निम्म्या गावात पहिला नंबर माझा. दुसऱ्या कुणाला दोष देण्याआधी हे लिहून टाकते.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. आमच्यातल्या फार थोड्यांना देवनागरी वाचता येते. मला येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. त्या जोरावर एका शाळेत मी हिंदी शिकवत होते. हे सहकारी सोसायटीत खत-बियाणं बघायचे. लग्न झालं तेव्हा काठीसारखे होते. सकाळी सायकल काढायची, तिरुवैयारूच्या बाजूची गावं घ्यायची, सायकल एखाद्या नारळाला टेकवून मैल-मैल बांधावरून चालायचं, भाताच्या लोंब्या हातात धरून बघायच्या. घरी यायचे ते पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. माझ्या सासूबाईंना त्या चिखलाचा राग. "लेकाला शिकवलं ते चिखल तुडवायला की?" म्हणायच्या.

मग ती वर्षं आली. बाहेरच्या कंपन्या आल्या, दुकानांच्या पाट्या बदलल्या, घरोघरी रंगीत टीव्ही आला. बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या एका खासगी कंपनीला डेल्टातली गावं पाठ असलेला माणूस हवा होता. ह्यांना तर कुठल्या कालव्याला पाणी कधी सोडतात, कुठल्या शेतकऱ्याचा कुणाशी वाद आहे, सगळं ठाऊक. सोसायटी सोडून हे 'एरिया ऑफिसर' झाले. आधी मोटारसायकल मिळाली, वर्षा-दोन वर्षांत जीप. पापनाशमपासून पलीकडची सगळी गावं ह्यांच्याकडे आली, पण आता गावात पाय ठेवायचा तो डीलरच्या दुकानासमोर. शेतकरी तिथेच जमायचे. खुर्ची यायची, पंखा लागायचा, पितळी पेल्यातून कॉफी यायची, तीन चमचे साखर घातलेली. दिवसाला अशा आठ कॉफ्या. नको म्हटलं तर समोरच्याचा अपमान.

दर महिन्याला त्रिचीच्या एखाद्या हॉटेलात कंपनीची मीटिंग असे आणि मीटिंगनंतर पार्टी. पार्टीत दारू. हे घेत नसत. आमच्याकडे बाटलीतल्या गोड सोड्याला 'कलर' म्हणत. पूर्वी लग्नाकार्यात खास पाहुण्याला तेवढा एक कलर फोडत. आता परदेशी काळा कलर दुकानादुकानांत बर्फात बुडवून ठेवलेला असायचा. ह्यांनी तो धरला. एका पार्टीत चार-पाच बाटल्या.

"इतकं कशाला प्यायचं?" मी एकदा विचारलं होतं.

"सगळ्यांच्या हातात ग्लास असतो गं. मी रिकाम्या हातांनी बसलो की आग्रह करतात. हातात भरलेला ग्लास दिसला की सोडून देतात."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. दिवाळीला डीलर लोक मिठाईसोबत कलरचे क्रेट पाठवू लागले. आम्ही फ्रिज घेतला तो त्यातल्या बाटल्यांसाठीच, असं सासूबाई थट्टेनं म्हणत.

ह्यांचं पोट सुटू लागलं. हातपाय होते तसेच काटकुळे, चेहरासुद्धा फारसा भरला नाही, पण पोट मात्र पुढे आलं, घट्ट, मातीच्या घागरीसारखं. शिंप्याने पँटी दोनदा उसवून वाढवल्या. आम्हाला त्याची काळजी वाटली नाही, उलट कौतुक वाटलं. "आता कुठे माझा लेक ऑफिसर दिसतो," सासूबाई म्हणाल्या. शेजारणी मला म्हणायच्या, तुझ्या हातचं मानवलंय. मी फुशारून जायची आणि ताटात आणखी भात वाढायची. ती चरबी पोटाच्या आत कुठे जाऊन बसते, हे विचारायचंसुद्धा आम्हाला सुचलं नाही.

कंपनीच्या तपासणीत शुगर निघाली. मग ब्लडप्रेशर. दोन्हींच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातही कुणाला फार वाईट वाटलं नाही. तंजावरात पन्नाशीला आलेल्या प्रत्येक ऑफिसराला शुगर असायचीच. पायसम, म्हणजे आमची खीर, बंद केलं, घरच्या कॉफीतली साखर बंद केली आणि आपण पथ्य पाळतो असं समजलो. कलर कुणी बंद करायला सांगितला नाही. आम्ही विचारलंही नाही. तो पोटातला वायू मोकळा करतो, जेवण पचवतो, असंच सगळे धरून चालत.

पुढे उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, दुपारी जेवल्यावर डोळे उघडे राहीनात. गावात नवीनच स्कॅन सेंटर निघालं होतं. तिथे पोटावर थंडगार जेल लावून, पडद्यावर करडे ढग दाखवून एक रिपोर्ट दिला. तो घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर म्हणजे गावातले मोठे डॉक्टर. सकाळी सातला नंबर लावला तर अकराला दर्शन. त्यांनी फिल्म उजेडात धरली.

"लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. किती घेता?"

"काय किती घेतो, सर?"

"मी डॉक्टर आहे, पोलीस नाही. रोज घेता की टूरवर?"

"मी पीत नाही."

डॉक्टर हसले. चिडले नाहीत, हसले. त्यांनी ते उत्तर दिवसातून दहादा ऐकलं असेल. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, अम्मा."

मी काहीच बोलले नाही. तीन-चार सेकंद असतील. 'नाही डॉक्टर, हे घेत नाहीत,' एवढं एकच वाक्य होतं आणि ते मला आलं नाही. हे माझ्याकडे वळून बघत होते. डॉक्टरांना माझ्या गप्प राहण्यातच उत्तर मिळालं. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "सोडा, म्हणजे लिव्हर सुधारेल. बाकी औषधाची गरज नाही." पायी फिरा म्हणाले नाहीत, भात किती खाता विचारलं नाही, कंबर मोजली नाही. त्यांच्या पुस्तकात लिव्हरमधल्या चरबीला एकच कारण होतं.

घरी आल्यावर ह्यांनी सासूबाईंना तो किस्सा विनोद म्हणून सांगितला. डॉक्टरांची नक्कल केली. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला हसू आलं नाही.

मी का गप्प राहिले ते सांगायला हवं. माझे वडील प्यायचे. दारूबंदीच्या काळातही त्यांना कुठे मिळते ते ठाऊक असायचं. सकाळी देवासमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे, आणि संध्याकाळी आई आणि मी त्यांना सायकलरिक्षातून उतरवून आत आणायचो. दारू पिणारा माणूस किती खरेपणाने खोटं बोलतो ते मी आठ वर्षांची असल्यापासून बघितलं होतं. 'मी पीत नाही' हे वाक्य मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते वडिलांच्या तोंडून. म्हणून डॉक्टरांच्या खोलीत ते ह्यांच्या तोंडून आलं तेव्हा माझ्या कानांना ते वडिलांचंच वाटलं.

हे कारण झालं. ह्याने माझ्या दोषाचं माप कमी होत नाही.

त्यानंतरच्या मीटिंगहून हे सकाळच्या बसने परत आले. सदरा बादलीत टाकला. मी तो उचलला आणि नाकाला लावला. उग्र वास. बादली तशीच उचलून मी ह्यांच्या समोर ठेवली.

"हे काय?"

"आमचा कुंभकोणमचा माणूस," हे म्हणाले. "चालता येत नव्हतं त्याला. खांद्यावर घेऊन रिक्षात घातला. माझ्या अंगावर ओकला."

माझ्या वडिलांच्या सदऱ्यावरही नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी सांडलेली असायची.

मी शोधायला सुरुवात केली. बॅग तपासली. कपाटातले कपडे काढून तपासले. एका रविवारी जीपच्या सीटखाली हात घातला तर कलरच्या सहा-सात रिकाम्या बाटल्या निघाल्या. मी अंगणात उकिडवी बसून एकेक बाटली हुंगत होते. हे दारात येऊन उभे राहिले, ते मला कळलंही नाही.

"कसला वास येतो?"

"गोड," मी म्हटलं.

"मग?"

"गोडात काहीही मिसळता येतं."

हे तसेच वळले. आत गेले, फ्रिजमधून एक नवी बाटली काढली, माझ्या समोर तिचं झाकण उघडलं, ग्लासात ओतली आणि माझ्या हातात दिली. "तू आधी चाख."

मी चाखली. खरंच चाखली. त्या दिवसापासून तो घरचा नियमच झाला. हे बाटली उघडायचे, मी घोटभर घ्यायची, मग हे उरलेली प्यायचे. हे रागाने करत होते, मी संशयाने. दिवसातून दोनदा, तीनदा.  मी त्या ग्लासात विष नाही ना बघत होते, आणि बघून झालं की भरलेला ग्लास माझ्याच हाताने परत देत होते.

एका शुक्रवारी हे म्हणाले, चल, मारियम्मनच्या देवळात जाऊ. आमच्याकडे शपथ खरी ठरवायची तर देवीसमोर जळता कापूर तळहाताने विझवतात. ह्यांनी विझवला. हाताला फोड आला. बाहेर येऊन चपला घालताना ह्यांनी मला विचारलं, "आता?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी तीनदा विझवला होता."

ह्यांचा चेहरा मला आजही दिसतो. राग आला असता तर बरं झालं असतं. चपलेचा अंगठा बोटात अडकवायचा तसाच राहिला होता, एक पाय अधांतरी, आणि हे माझ्याकडे असे बघत होते की जणू ही बाई कोण, आपल्याबरोबर कशी आली, हेच आठवेना.

तरीही मी थांबले नाही. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी त्रिचीला गेले आणि ह्यांच्या मॅनेजरला भेटले. मॅनेजर तरतरीत माणूस होता. माझं ऐकून खुर्चीत मागे रेलून हसला. "तुमचे मिस्टर? अहो, ते फक्त कलर पितात. आम्ही त्यांना चिडवतो त्यावरून." मी त्याचे आभार मानले आणि मनात म्हटलं, हासुद्धा सामील आहे. सगळे पुरुष एकमेकांना सांभाळून घेतात, असं माझ्या थोरल्या भावाने मला सांगितलेलंच होतं.

मॅनेजरने ती गंमत पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितली. ऑफिसर नवऱ्याची चौकशी करायला बायको त्रिचीपर्यंत आली! तिथून पुढे ह्यांच्या हातातल्या ग्लासाकडे बोट दाखवून लोक विचारू लागले, आत खरं काय आहे, अम्मांना सांगू का? हे मीटिंगला जायचे, येऊन झोपायचे. माझ्याशी बोलायचे ते फक्त कामापुरतं. जेवायला वाढ. गोळी दे. मुलीची फी भर.

आमची मुलगी पुढे कॉलेज संपवून घरी बसली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र तमिळच. तिच्यासाठी त्रिचीचं एक स्थळ आलं, मुलगा शिकलेला, घरचे लोक चांगले. बोलणी बरीच पुढे गेली होती. त्याच सुमारास ह्यांचे पाय सुजू लागले म्हणून आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा स्कॅन. डॉक्टरांनी या वेळेस हसणं सोडून दिलं होतं. लिव्हर आकसतंय, खडबडीत झालंय, म्हणाले. "मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं सोडा म्हणून. ऐकलं नाहीत." फाइलवर त्यांनी दारूमुळे झालेला लिव्हरचा आजार असं ठळक लिहिलं. मुलाचा एक नातेवाईक त्या दवाखान्यात कामाला होता. आठवड्याभरात स्थळाचा निरोप आला. पत्रिका पुन्हा पाहिली, जुळत नाही.

खरं कारण दोन दिवसांत आमच्यापर्यंत पोचलं. आमच्या तमिळमध्ये पाण्याला 'तण्णी' म्हणतात आणि दारूलाही. मुलगी ह्यांच्यासमोर उभी राहून ओरडली, "अप्पा, तुमच्या तण्णीपायी माझं लग्न मोडलं!"

हे खुर्चीवर बसून पायांना पट्टी बांधत होते. ह्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन अशी आशा ह्यांना अजून होती की काय, कोण जाणे. मी मुलीला जवळ घेतलं आणि आत नेलं.

त्यानंतर चार महिन्यांनी एका सकाळी परसात दात घासताना ह्यांना रक्ताची उलटी झाली. किती रक्त ते सांगवत नाही. तंजावरात रक्त चढवलं आणि मद्रासला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती. तिने फाइल वाचली आणि सवयीने विचारलं, "दारू?"

"नाही," हे म्हणाले. त्यांना बोलायचाही कंटाळा आला होता.

मी तोंड उघडायच्या आतच तिने दुसरा प्रश्न विचारला. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. मग अर्धा तास ती विचारत राहिली. दिवसाला किती चालता? पूर्वी किती चालायचे? पोट कधीपासून सुटलं? शुगर कधी निघाली? घरात आणखी कुणाला आहे? भात किती वेळा? गोड काय खाता, गोड काय पिता? ह्यांनी कॉफी सांगितली, कलर सांगितला, पार्ट्या सांगितल्या. तिने टेप मागवून कंबर मोजली, मग दंड मोजला, आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. काविळीच्या तपासण्या करून घेतल्या, त्यांत काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आम्हा दोघांना समजावून सांगायला आली. म्हणाली, चरबी फक्त कातडीखाली साठते असं नाही. काही माणसांचे हातपाय बारीक राहतात आणि चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये भरते. लिव्हर तिच्यामुळे सुजतं, सुजून सुजून त्यावर वण पडतात, आणि वण पडलेलं लिव्हर आक्रसतं. दारू पिणाऱ्याचं होतं तसंच, स्कॅनमध्ये फरक कळत नाही. शुगर, प्रेशर आणि ही चरबी ही सगळी एकाच घरातली मंडळी. एक दिसलं की बाकीच्यांना शोधायला हवं. "आम्ही आता असे पेशंट ओळखू लागलो आहोत. पूर्वी सगळ्यांना दारुडे समजून मोकळे व्हायचे."

"तो कलर," मी विचारलं, "त्याने झालं?"

"एकट्या त्याने असं म्हणता येणार नाही. बसून काम, भात, साखर, घराण्यातली शुगर, सगळं मिळून. पण त्याने मदत नक्कीच केली."

"सुरुवातीला कळलं असतं तर?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "चरबीच असते तोवर बरंच परत फिरवता येतं. चालणं, वजन, खाणं. आता वण आहेत."

हे उशीवरून थोडे उठले. मग म्हणाले, "डॉक्टर, मी पीत नाही हे कागदावर लिहून द्याल?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने हॉस्पिटलच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. ह्यांनी तो कागद घडी न घालता उशीखाली ठेवला.

त्या दुपारी ती गेल्यावर मी ह्यांचे पाय धरले. खोटं नाही सांगत, वॉर्डमध्ये सगळ्यांदेखत धरले. माफी मागितली. ह्यांनी पाय काढून घेतले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टरने विचारलं त्या दिवशी तू नुसतं 'माहीत नाही' म्हणाली असतीस तरी मी सोडून दिलं असतं."

एवढंच. पुढच्या सात महिन्यांत तो विषय ह्यांनी परत काढला नाही, आणि माफ केलं असंही कधी म्हणाले नाहीत.

गावी परतल्यावर ह्यांनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. एक सासूबाईंना वाचून दाखवली. एक मुलीच्या हातात दिली, ती हुंदके देत राहिली, हे तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तिला माफ करायला ह्यांना वेळ लागला नाही. एक त्रिचीला मॅनेजरला पोस्टाने पाठवली. आणि एक घेऊन, पोटात पाणी भरलेलं असताना, रिक्षाने त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते. चार तास नंबरात बसलो. डॉक्टरांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "मद्रासला हल्ली असं काही काही नवीन म्हणतात."

"माझ्या फाइलमधलं खोडाल का, सर?" ह्यांनी विचारलं.

"फाइलमध्ये खाडाखोड करत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली.

त्यांचा मला आला तो राग अजून आहे. पुढे ते डॉक्टर वारले तेव्हा शहरात मोठी अंत्ययात्रा निघाली, मी दार लावून घरात बसले. न कळणं हा गुन्हा नव्हे, त्या काळी पुष्कळांना कळत नव्हतं. पण कळल्यावरही त्यांना पेन उचलता आलं नाही.

हे मद्रासहून परतल्यावर सातव्या महिन्यात, पोंगलच्या म्हणजे संक्रांतीच्या आधी, गेले. शेवटचे दिवस भ्रमात गेले. बांधावरच्या पिकांबद्दल कुणाशी तरी बोलत असायचे.

तेराव्याला कुंभकोणमची एक बाई आली. मी तिला ओळखत नव्हते. तमिळ बाई, माझ्याच वयाची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माझा नवरा कंपनीत आहे, फार पितो. दर मीटिंगनंतर तुमच्या मिस्टरांनी त्याला रिक्षात घालून बसपर्यंत पोचवला, बरोबर कुणी नसलं तर स्वतः आणून सोडला. एकदा माझा नवरा त्यांच्या अंगावर ओकला. मी म्हटलं, सदरा द्या, धुऊन देते. तर म्हणाले, नको, बसची वेळ झाली, घरी वाट बघत असतील. मी देवाला म्हणायची, असा नवरा तुझ्या कुठल्या भक्तिणीला दिलास?"

मी तिला कॉफी दिली. आणखी काय द्यायचं ते मला सुचलं नाही. ती गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "ऐकलंस?" त्या एका शब्दानंतर त्या माझ्याशी जवळजवळ वर्षभर बोलल्या नाहीत. बरोबर होतं त्यांचं.

मुलीचं लग्न पुढे पुण्याच्या मुलाशी झालं. सासूबाईंच्या मागे तंजावरचं घर बंद करून मी तिच्याकडे आले. हे असं मराठी लिहायला मी इथे शिकले. गेल्या वर्षी मुलीच्या ऑफिसच्या तपासणीत तिची सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये चरबी, पहिली पायरी. मी तिच्याबरोबर गेले होते. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "अल्कोहोल?" मुलगी म्हणाली, "नाही." डॉक्टरने फॉर्मवर एक खूण केली आणि विचारलं, "रोज चालता किती?" मग तिने आहाराचा छापील कागद दिला, तीन महिन्यांनी या म्हणाली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

मुलगी आता रोज सकाळी टेकडीवर जाते. भात एक वेळ. गोड पेयांना आमच्या घरात जागा नाही. दुसऱ्या तपासणीत चरबी उतरली होती. मी देवापाशी दिवा लावला, हे खरं आहे. त्याच वेळी मला मुलीचा हेवा वाटला, तिच्या त्या दहा मिनिटांचा, हेही खरं आहे. कुणाच्या वतीने हेवा वाटला ते तिला कळलं असावं. ती माझ्या शेजारी येऊन बसली, तोंड उघडलं, आणि मग मला विचारलं की काकडी चिरू का.

अप्पांबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. तिने त्यांना एकदाच दोष दिला होता, तोही माझं बघून. मी तिला तसं सांगू शकते, सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.